२१९ सामने, गोल शून्य: बेकी सॉअरब्रनची कारकीर्द मोजायची कशी?

कैरीपन्हे

अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाची सेंटर बॅक (बचावफळीच्या मधोमध खेळणारी डिफेंडर) बेकी सॉअरब्रन डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाली. २०१५ आणि २०१९ चा विश्वचषक, २०१२ च्या ऑलिंपिकचं सुवर्ण, टोकियोचं कांस्य आणि राष्ट्रीय संघाकडून २१९ सामने. गोल मात्र एकही नाही. फॉरवर्डचं बरं असतं, गोल मोजले की अर्धा वाद मिटतो. डिफेंडरच्या बाबतीत "भक्कम", "अनुभवी", "शांत डोक्याची" असे शब्द ऐकू येतात आणि त्यातून हाती काहीच लागत नाही.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिच्या कारकिर्दीचा सांगाडा नेमका कसा होता? म्हणजे क्लब, करार, पैसा, मधली रिकामी वर्षं. आणि ती मैदानावर असं काय करायची, की २१९ वेळा तिचं नाव यादीत आलं? मॅच बघताना सामान्य प्रेक्षकाला ते दिसावं कसं?

तिसरा_पंच

सांगाड्यापासून सुरुवात करतो, कारण तो कळला नाही तर पुढचं सगळं हवेत राहतं.

जन्म १९८५ चा, सेंट लुईसचा. अमेरिकेत १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे कॉलेजांना मुलींच्या खेळांवरही पैसा खर्च करावा लागला. त्यामुळे तिथल्या मुलींचा रस्ता क्लबच्या अकादमीतून न जाता विद्यापीठातून गेला. बेकी व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ पर्यंत खेळली. आता मेख अशी, की ती बाहेर पडली तेव्हा अमेरिकेत व्यावसायिक महिला लीगच नव्हती. आधीची २००३ मध्ये बंद पडलेली आणि पुढची, म्हणजे डब्ल्यूपीएस, २००९ मध्ये सुरू व्हायची होती.

डब्ल्यूपीएसमध्ये तिला वॉशिंग्टन फ्रीडमने घेतलं. २००९ मध्ये ती नॉर्वेच्या रोआ क्लबकडूनही खेळली. २०११ च्या मोसमाआधी फ्रीडमचा मालक बदलला, संघ फ्लोरिडाला हलला आणि त्याचं नाव मॅजिकजॅक झालं. त्याच वर्षाअखेर लीगने त्या संघाची मान्यता काढली आणि २०१२ मध्ये लीगच गुंडाळली गेली. म्हणजे वयाच्या २७ व्या वर्षी, डिफेंडर खरी पिकायला लागते त्या वयात, तिच्यासमोर देशात एकही व्यावसायिक लीग नव्हती. ते वर्ष तिने अर्धव्यावसायिक स्पर्धेत डी.सी. युनायटेड विमेनकडून काढलं.

२०१३ मध्ये एनडब्ल्यूएसएल ही नवी व्यावसायिक महिला लीग सुरू झाली. आधीच्या दोन लीग ज्या कारणाने बुडाल्या, म्हणजे पगार जास्त आणि तिकीटविक्री कमी, ते टाळायला इथे नवी युक्ती केली. राष्ट्रीय संघातल्या मुलींचा पगार अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचे महासंघ देणार. क्लबने बाकीच्यांचं बघायचं, तेही संघामागे २ लाख डॉलरच्या मर्यादेत. पहिल्या मोसमात किमान पगार होता ६,००० डॉलर. महिन्याचा नाही, अख्ख्या मोसमाचा. पुष्कळ जणी यजमान कुटुंबांकडे राहायच्या आणि मोसम संपला की शिकवण्या किंवा कोचिंग करायच्या. बेकी राष्ट्रीय संघाच्या करारावर असल्याने तिची या खालच्या थरातून सुटका झाली. एकाच संघात, एकाच बचावफळीत उभ्या असलेल्या दोघींच्या कमाईत दहापटीहून जास्त फरक असू शकायचा.

क्लब असे: एफसी कॅन्सस सिटी २०१३ ते २०१७ (२०१४ आणि २०१५ चं विजेतेपद, दोन्ही अंतिम सामने सिॲटल रेनविरुद्ध). तो क्लब बंद पडला आणि खेळाडू नव्या यूटा रॉयल्सकडे गेल्या, म्हणून २०१८ आणि २०१९ तिथे. मार्च २०२० मध्ये पोर्टलंड थॉर्न्सने तिला मागून घेतलं. त्या बदल्यात यूटाला एक डिफेंडर आणि १ लाख डॉलरची 'ॲलोकेशन मनी' मिळाली. हे रोख पैसे नसायचे, पगारमर्यादेच्या वर खर्च करायची लीगने दिलेली परवानगी असायची. पोर्टलंडबरोबर २०२१ ची शील्ड (साखळी सामन्यांत अव्वल आल्याबद्दलची) आणि २०२२ चं विजेतेपद.

लीगची सर्वोत्तम डिफेंडर ती चारदा ठरली: २०१३, २०१४, २०१५ आणि २०१९. शेवटचा पुरस्कार ३४ व्या वर्षी. हा आकडा माझ्या मते २१९ पेक्षा बोलका आहे.

ऑफसाइड_सापळा

वरचा प्रतिसाद उत्तम. राष्ट्रीय संघाची बाजू मी भरतो.

पदार्पण जानेवारी २००८ मध्ये, चीनमधल्या स्पर्धेत कॅनडाविरुद्ध. त्याच सामन्यात नाक मोडलं. त्या वर्षी मोजके सामने आणि मग २०१० च्या शेवटापर्यंत जवळपास काहीच नाही. २०११ च्या विश्वचषकात ती राखीव होती. ब्राझीलविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात रेचल ब्युलरला लाल कार्ड मिळालं, म्हणून फ्रान्सविरुद्ध उपांत्य सामन्यात बेकी थेट पहिल्या अकरात आली. अमेरिका ३-१ ने जिंकली. अंतिम सामन्याला ब्युलर परतली आणि बेकी परत बाकावर. सेंटर बॅकच्या जागेसाठी अशीच वाट बघावी लागते. फॉरवर्डला शेवटची वीस मिनिटं मिळतात, विंगरला मिळतात, पण चालू सामन्यात सेंटर बॅक सहसा कोणी बदलत नाही. दुखापत किंवा लाल कार्ड झालं तरच दार उघडतं. नियमित जागा तिला २०१३ नंतर मिळाली, म्हणजे पदार्पणानंतर पाच वर्षांनी.

आता २०१५. अमेरिकेने सलग ५४० मिनिटं गोल खाल्ला नाही, हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. पहिल्या सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या लिसा डी व्हानाने २७ व्या मिनिटाला गोल केला. त्या सामन्याची उरलेली ६३ मिनिटं. मग स्वीडन, नायजेरिया, कोलंबिया, चीन, जर्मनी हे पाच सामने कोरे, म्हणजे ४५०. अंतिम सामन्यात जपानचा पहिला गोल पुन्हा २७ व्याच मिनिटाला. ६३ + ४५० + २७ = ५४०. सात सामन्यांत एकूण गोल खाल्ले तीन, आणि त्यातला एक बेकीची जोडीदार जॉन्स्टन हिचा स्वयंगोल.

मैदानावर ती काय करायची? उंची साधारण १७० सेंमी, वेग फार नाही. त्यामुळे धावण्याच्या शर्यतीत ती मुळात उतरायचीच नाही. तीन गोष्टी बघा.

पहिली, उभं राहण्याची पद्धत. समोरची चेंडू घेऊन येते तेव्हा ती तोंडासमोर सपाट उभी राहत नाही, अर्धी वळलेली असते. एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, अंतर दीड-दोन मीटर. अशाने समोरचीला एकच बाजू मोकळी दिसते, बहुतेक वेळा बाहेरची, बाजूच्या रेषेकडची. तिथून शॉट मारला तरी कोन अरुंद असतो. नवशिक्या डिफेंडर चौकोनी उभ्या राहतात. मग चेंडू पायांमधून जातो किंवा वळायला अर्धा सेकंद जास्त लागतो, आणि तेवढ्यात खेळ खलास.

दुसरी, पाय न सोडणं. घसरून टॅकल ती फार कमी करायची. घसरलेली डिफेंडर पुढचे दोन सेकंद खेळात नसते. उशीर करत राहिलं की मिडफिल्डर परत येतात आणि एकास एकचं दोनास एक होतं. चेंडू लगेच काढून घेणं हे ध्येयच नाही, हल्ला मंद करणं हे आहे.

तिसरी, जोडीदाराच्या मागचा कोपरा. ज्युली जॉन्स्टन (नंतरची अर्ट्झ) पुढे झेपावणारी, हेडर जिंकणारी. ती पुढे गेली की बेकी तिरकी मागे, तीन ते पाच मीटरवर. दोघी एकाच चेंडूवर गेल्या तर मागे मोकळं मैदान, आणि कोणीच गेली नाही तर समोरची आरामात वळते. बेकीसोबत जॉन्स्टन, मग ॲबी डालकेंपर, शेवटी नेओमी गिर्मा, अशा अगदी वेगळ्या स्वभावाच्या जोडीदार खेळल्या आणि जवळजवळ प्रत्येक जण तिच्या शेजारी जास्त चांगली दिसली. डिफेंडर मोजायची तर मी इथून मोजेन.

मैदानसाफ

थोडा विरोधी सूर लावतो. ५४० मिनिटांचं सगळं श्रेय सेंटर बॅकच्या खात्यात टाकू नका. ऑस्ट्रेलियाविरुद्ध सुरुवातीला गोलकीपर होप सोलोने जे अडवलं ते सुटलं असतं तर कहाणीच वेगळी झाली असती. जर्मनीविरुद्ध उपांत्य सामन्यात जॉन्स्टनने पॉपला पाडून पेनल्टी दिली आणि सेलिया शाशिचने ती बाहेर मारली. ते कोणाचं बचावकौशल्य? शिवाय चीनविरुद्धच्या सामन्यापासून मॉर्गन ब्रायन मधल्या फळीत खाली बसली आणि सेंटर बॅकसमोरची जागा बंद झाली. त्याआधी ती जागा बरीच उघडी असायची.

२०१९ चंही तेच. इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना, अमेरिका २-१ ने पुढे, आणि ८४ व्या मिनिटाच्या सुमारास बेकीच्याच पायाला लागून एलेन व्हाइट पडली. व्हीएआरने (व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याची पद्धत) पेनल्टी दिली. गोलकीपर अलिसा नेहरने स्टेफ हाउटनची किक अडवली म्हणून ते प्रकरण विस्मरणात गेलं. नेहर दुसऱ्या बाजूला झेपावली असती तर आज बेकीच्या नावापुढे तीच चूक लिहिली गेली असती.

उलट टोकाचं उदाहरण २०२३ चं. पायाच्या दुखापतीमुळे बेकी त्या विश्वचषकाला नव्हती. गिर्मा आणि अर्ट्झ बचावाच्या मधोमध खेळल्या. चार सामन्यांत अमेरिकेने एकच गोल खाल्ला, नेदरलंड्सचा. आणि तरीही विश्वचषकातून त्यांची इतक्या लवकर गच्छंती कधीच झाली नव्हती: स्वीडनविरुद्ध ०-० आणि मग पेनल्टींवर पराभव. बचावफळीने आपलं काम चोख केलं आणि प्रगतिपुस्तकावर नापास.

ऑफसाइड_सापळा

@मैदानसाफ, ब्रायनचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. क्लीन शीट (एकही गोल न खाता संपवलेला सामना) ही संघाची असते. पण पेनल्टीचा दाखला तुमच्याच विरोधात जातो. व्हाइट तिथवर पोचली कशी ते परत बघा. चेंडू आधीच बॉक्समध्ये आडवा आला होता, व्हाइट आतल्या बाजूला, आणि बेकी मागून पाय घालायला धावली. म्हणजे चूक पायाची नाही, त्याआधीच्या दोन पावलांची. एरवी ती त्या दोन पावलांत कधी कमी पडत नसे, म्हणून ती एक ठळक लक्षात राहते. त्याच सामन्यात व्हाइटचा एक गोल व्हीएआरने ऑफसाइड ठरवला होता, तो अगदी बुटाच्या टोकाएवढ्या फरकाने. बचावाची रेषा चौघींनी मिळून धरलेली असते, तिथे एकीचं पाऊल मागे राहिलं असतं तर गोल होता.

तिसरा_पंच

मॅच बघताना काय टिपावं, हा धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न राहिला. टीव्हीवर अडचण ही, की कॅमेरा चेंडूमागे असतो आणि सेंटर बॅकचं काम चेंडू लांब असताना चालू असतं. शक्य असेल तर उंच, रुंद कोनातलं चित्रण शोधा. स्टेडियमात असाल तर गोलमागच्या वरच्या रांगा, तिथून रेषा नीट दिसते.

पंधरा मिनिटं फक्त एकीकडे बघायचं, चेंडूकडे नाही. तिची मान किती वेळा वळते ते बघा, विशेषतः चेंडू समोरच्या बाजूच्या विंगवर असताना. जी डिफेंडर फक्त चेंडू बघते तिच्या पाठीमागून फॉरवर्ड निसटते, आणि दूरच्या खांबावर होणारे बहुतेक गोल याच कारणाने होतात. दुसरं, समोरच्या मिडफिल्डरवर दाब आहे की नाही, यावर तिची रेषा हलते का? चेंडू असणारीने मान खाली घातली किंवा पाठ केली की रेषा चार पावलं वर आली पाहिजे. तिला मोकळीक मिळाली, मान वर झाली, की लगेच मागे, चेंडू सुटण्याच्या आधी. सुटल्यावर मागे पळणं म्हणजे हरलेली शर्यत.

तिसरं, चेंडू मिळाल्यावरचा पहिला पास. बेकीचा पहिला स्पर्श पुढच्या पासच्या दिशेने असायचा, म्हणून दाबाखालीही ती चेंडू लांब फेकून द्यायची नाही. क्लिअरन्सच (धोका टाळायला चेंडू दूर धाडणं) मारायचा असेल तर उंच, लांब आणि बाजूला. मधोमध मारलेला हेडर समोरच्या मिडफिल्डरच्या पायात पडतो.

आकड्यांविषयी एकच. टॅकलची संख्या बघून डिफेंडर ठरवू नका. ज्या संघाकडे चेंडू कमी असतो त्याच्या डिफेंडरचे टॅकल आपोआप वाढतात, आणि जागा चुकलेली डिफेंडरही टॅकल जास्त करते. त्यापेक्षा समोरच्या संघाकडे चेंडू किती वेळ होता त्या प्रमाणात काढलेले इंटरसेप्शन (समोरच्यांचे मधेच अडवलेले पास), हवेतल्या द्वंद्वांतली टक्केवारी आणि शॉटपर्यंत पोचलेल्या चुका, हे तीन एकत्र बघा. एकटा कोणताही आकडा फसवतो.

पेठेतला_गोली

मैदानाबाहेरचं कोणी लिहिलं नाही, आणि या कारकिर्दीत ते वगळून चालणार नाही. मार्च २०१६ मध्ये पाच जणींनी अमेरिकन महासंघाविरुद्ध समान वेतनाची तक्रार केली. कार्ली लॉइड, ॲलेक्स मॉर्गन, मेगन रपिनो, होप सोलो आणि बेकी. २०१९ मध्ये २८ खेळाडूंनी दावा लावला. फेब्रुवारी २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली: २ कोटी २० लाख खेळाडूंना आणि २० लाखांचा निधी. मे २०२२ च्या करारात विश्वचषकाचं बक्षीस पुरुष आणि महिला संघांनी एकत्र करून वाटून घ्यायचं ठरलं. तेव्हा खेळाडू संघटनेची अध्यक्ष होती बेकी. गंमत म्हणजे पाचांतल्या बाकी चौघी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसिद्ध, आणि करारातली कलमं वाचत बसायचं काम सेंटर बॅककडे.

त्याचा पुढचा टप्पा क्लब पातळीवर आला. ऑगस्ट २०२४ च्या करारात एनडब्ल्यूएसएलने कॉलेज ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने कॉलेजच्या खेळाडू निवडायची पद्धत) बंद केला, करार हमीचे केले आणि खेळाडूच्या संमतीशिवाय तिला दुसऱ्या क्लबला देता येणार नाही असं ठरलं. किमान पगार २०२५ मध्ये ४८,५०० डॉलर, २०३० पर्यंत ८२,५००. सहा हजारांपासून बारा वर्षांत इथवर.

बेकीनंतरच्या पिढीत काय बदललं हे बघायला गिर्मा पुरे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर सॅन डिएगोने घेतली, पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम डिफेंडर दोन्ही. जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने सुमारे ११ लाख डॉलर मोजून तिला घेतलं. महिला फुटबॉलमध्ये १० लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली खेळाडू. तो विक्रम काही महिन्यांतच मोडला, पण पहिली होती ती सेंटर बॅक.

कैरीपन्हे

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त मिळालं. एक पुरवणी प्रश्न. आपल्याकडच्या पंधरा-सोळा वर्षांच्या, कोल्हापूर-पुणे-मुंबईत खेळणाऱ्या सेंटर बॅक मुलीला यातलं काय लागू पडतं? की हे सगळं तिकडचंच?

मैदानसाफ

तंत्र जसंच्या तसं लागू पडतं. रचना नाही.

भारतातलं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे लोइतोंगबाम आशालता देवी. मणिपूरची, सेंटर बॅक, भारताची माजी कर्णधार. १०० आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी पहिली भारतीय महिला, २०२४ च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेत. मालदीवमध्ये न्यू रेडिएंटकडून खेळली, इथे सेतू एफसी, गोकुलम केरला, ईस्ट बंगाल. तिन्ही क्लबांबरोबर इंडियन विमेन्स लीगचं विजेतेपद. २०२२ च्या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई चषकात इराणविरुद्ध ०-० बरोबरीत तीच कर्णधार होती. पुढच्या सामन्याला कोविडमुळे तेरा खेळाडूही उभ्या राहिल्या नाहीत, संघ स्पर्धेतून बाद धरला गेला आणि त्या बरोबरीची नोंदही रद्द झाली. डिफेंडरची क्लीन शीट कागदावरूनही पुसली जाऊ शकते, ती अशी.

खरी अडचण सामन्यांची. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ ला सुरू झाली, पण घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळायची पद्धत २०२३-२४ मध्ये आली, तेव्हा सात संघ आणि प्रत्येकी बारा सामने. पुढच्या मोसमात आठ संघ, चौदा सामने. बेकीच्या २०१३ च्या पहिल्या, सहा हजार डॉलरवाल्या मोसमातही प्रत्येक संघाला बावीस सामने होते. फॉरवर्ड एकटी भिंतीवर चेंडू मारून बरंच शिकू शकते. रेषा वर कधी न्यायची, जोडीदार गेल्यावर किती मागे थांबायचं, हे त्याच तिघींबरोबर मोसमभर खेळल्याशिवाय येत नाही. म्हणून इथल्या मुलीने निवड स्पर्धांमागे धावताना संघ सारखा बदलू नये. दोन वर्षं तरी एकाच बचावफळीत काढावीत, आणि जमलं तर मुलांच्या लहान गटाविरुद्ध सराव सामने खेळावेत. तिथे वेग जास्त मिळतो, त्यामुळे जागा चुकली की लगेच कळतं.

दवाखाना_बंद

वय पंधरा-सोळा म्हणालात म्हणून गुडघ्याचं लिहितो, कारण या वयात करिअर इथेच तुटतं. एसीएल (गुडघ्यातलं एक मुख्य लिगामेंट) फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा किमान दुप्पट-तिप्पट. डिफेंडरला तर थांबणं, वळणं, मागे पळता पळता दिशा बदलणं हे दर मिनिटाला. बहुतेक वेळा कोणी धडकलेलंही नसतं. पाय रोवला, गुडघा आतल्या बाजूला गेला, शरीर दुसरीकडे वळलं, संपलं.

यावर उपाय फुकट आहे: फिफा ११+ वॉर्मअप. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम, तीन भाग. आधी आठ मिनिटं हळू धावण्याचे सहा प्रकार. मग दहा मिनिटं ताकद, उडी आणि तोल यांचे सहा: प्लँक, साइड प्लँक, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे जोडीदाराने धरलेले असताना अंग हळूहळू पुढे झुकवणं), एका पायावर तोल, स्क्वॉट, उड्या. शेवटी दोन मिनिटं वेगात धावून पाय रोवून दिशा बदलणं. आठवड्यातून किमान दोनदा. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर हे करून पाहिलं तेव्हा दुखापती जवळपास एक तृतीयांशाने घटल्या.

चुकतं कुठे ते सांगतो. एक, प्रशिक्षक हे दोन आठवडे करून घेतात आणि सामन्यांचे दिवस आले की सोडतात, म्हणजे नेमकं नको तेव्हा. दोन, नॉर्डिकमध्ये मुली पहिल्याच दिवशी पंधरा करतात आणि चार दिवस चालता येत नाही. सुरुवात तीन ते पाचने करा, महिन्याभरात सात ते दहा, मग बारा ते पंधरा. घोटे धरणारी जोडीदार भक्कम हवी आणि कंबर मोडता कामा नये, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेषा. तीन, उडीवरून उतरताना कोणी समोरून बघत नाही. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या आत जात असेल तर तिथेच थांबवून हळू करून घ्या. मोबाइलवर समोरून चित्रण केलं की लगेच दिसतं.

आणि एसीएलचं ऑपरेशन झालंच तर नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरवू नका, मुलगी कितीही "मला काही दुखत नाही" म्हणाली तरी. दुखत नाही म्हणजे लिगामेंट तयार झालं असं नव्हे.

पेठेतला_गोली

अमेरिकन कॉलेजचा रस्ता विचारात असेल तर तो अजून उघडा आहे. ड्राफ्ट बंद झाला म्हणून कॉलेज फुटबॉल संपलं नाही, फक्त पुढच्या क्लबची निवड खेळाडूच्या हाती आली. नववीपासून गुणपत्रिका सांभाळा. पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांना १६ ठरावीक मुख्य विषय आणि किमान २.३ ची सरासरी (४ पैकी) लागते. मोसम ऑगस्टला सुरू होतो, त्यामुळे पत्रव्यवहार आधीच्या वर्षी. इथे एखाद्या क्लबचा व्यावसायिक करार पुढे आला तर सही करण्याआधी पात्रतेचे नियम तपासा, नंतर निस्तरणं कठीण जातं.

व्हिडिओबद्दल विशेष. फॉरवर्डच्या मुली गोलांची चकचकीत जोडफीत पाठवतात, डिफेंडरने तसं करून उपयोग नाही. तीन ते पाच मिनिटांची फीत पुरे. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आपल्यावर बाण. त्यात एकास एक, हवेतले चेंडू, जोडीदार चुकल्यावर मागून केलेली भरपाई आणि दाबाखाली मागून खेळ सुरू करणं, हे चारही हवं. संगीत नको. सोबत किमान एक अख्खा सामना, न कापलेला, उंचावरून आणि रुंद कोनात घेतलेला. सेंटर बॅक निवडणारा प्रशिक्षक जोडफीत अर्धी बघून अख्खा सामनाच उघडतो.

कैरीपन्हे

अख्खा सामना उंचावरून घ्यायचा तर कॅमेरा कुठे लावायचा? आपल्याकडच्या बहुतेक मैदानांना गॅलरी नसते.

तिसरा_पंच

मधल्या रेषेवर, बाजूच्या रेषेपासून पाच-सात मीटर मागे, चार ते पाच मीटर उंचीवर. गॅलरी नसेल तर शाळेच्या इमारतीचा पहिला मजला किंवा टेम्पोच्या टपावर ट्रायपॉड. चेंडूमागे झूम करत बसू नका. चित्रात कायम दोन्ही सेंटर बॅक आणि समोरची शेवटची फॉरवर्ड दिसली पाहिजे, चेंडू थोडा वेळ चौकटीबाहेर गेला तरी चालेल. वारा असेल तर ट्रायपॉडला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या बांधा. पॉवर बँक विसरू नका, नव्वद मिनिटांच्या रेकॉर्डिंगला मोबाइल उत्तरार्धातच मान टाकतो.